प्रिन्स एडवर्ड आयलंड: लॉटांच्या बेटावर फिरताना

कॅनडाच्या या सगळ्यात छोट्या प्रांतात लोक लाल किनारे बघायला आणि लॉब्स्टर खायला जातात. आम्हीही दोन्ही केलं. पण खरी मजा आली ती अठराव्या शतकातला इंग्रजांचा मोजणीदार सॅम्युअल हॉलंड याचा नकाशा फोनवर उघडून गाडी चालवताना.

१७६३ मध्ये बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलं. हॉलंडने लगोलग मोजणी करून प्रिन्स, क्वीन्स आणि किंग्ज अशा तीन काउंट्या आणि साधारण २०,००० एकरांचा एक असे ६७ लॉट, म्हणजे जमिनीचे तुकडे, पाडले. १७६७ मध्ये लंडनला सोडत निघाली आणि एका दिवसात जवळजवळ सगळं बेट वाटून झालं! लॉट मिळालेल्या बहुतेकांनी बेटाचं तोंडही पाहिलं नाही. जंगल तोडून कसणारी कुळं इथे आणि खंड जायचा विलायतेला. कोकणातल्या खोतीच्या गोष्टी ऐकलेल्यांना जास्त सांगायला नको, पण खोत निदान गावात तरी दिसायचा.

हे दुखणं शंभर वर्षं चाललं. कॅनडाच्या एकीकरणाची पहिली बैठक १८६४ मध्ये इथेच, शार्लटटाउनला भरली, पण बेट स्वतः सामील झालं १८७३ मध्ये, तेही रेल्वेच्या कर्जाने गळ्याशी आल्यावर. ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या सरकारने, कर्ज उचललं, बारमाही आगबोटीचं आश्वासन दिलं आणि जमीनदारांकडून जमीन सोडवायला ८ लाख डॉलर कबूल केले. १८७५ च्या कायद्याने जमीनदारांना विकणं भाग पडलं. आजही इथे एका माणसाला १,००० एकरांपेक्षा जास्त जमीन ठेवता येत नाही आणि बाहेरच्याला ५ एकरांवर घ्यायची तर सरकारची परवानगी लागते. पोळलेलं बेट आहे ते.

काउंट्यांना आता स्वतंत्र कारभार नाही, नावं तेवढी उरलीत. लॉट मात्र टिकले. समरसाइडच्या पुढे ‘लॉट १६’ नावाचं गावच आहे: बटाट्याच्या लांबच लांब सऱ्या, एखादी खळ्याची कोठी, बाकी शुकशुकाट. हॉलंडने प्रत्येक काउंटीला एक राजधानी आखली होती. शार्लटटाउन वाढलं, जॉर्जटाउन पेंगत राहिलं, प्रिन्सटाउन उभंच राहिलं नाही. वेळ कमी असेल तर जॉर्जटाउन सोडा, पण शार्लटटाउनसमोरचा रॉकी पॉइंटचा किल्ला सोडू नका: ठाणं मूळचं फ्रेंचांचं, तटबंदी नंतरच्या इंग्रजांची. तिथल्या गवती तटबंदीवरून बंदराचं तोंड आणि पलीकडचं शार्लटटाउन एका नजरेत येतं, म्हणजे फ्रेंचांनी ठाणं इथेच का टाकलं ते आपोआप कळतं.

गाडीशिवाय जाऊ नका, गावागावांत बस पुरेशी नाही. जून ते सप्टेंबर उत्तम, ऑक्टोबरनंतर बरीच खानावळी-दुकानं बंद होतात. कड्यांच्या काठावर उभे राहू नका, तो लाल वालुकाश्म हाताने भुगा होतो. पांढरे बूट घरी ठेवा, लोहाचा तो लाल रंग धुऊनही राहतो. सायकलवाल्यांसाठी जुन्या रेल्वेच्या वाटेवर टिग्निश ते एल्मायरा कॉन्फेडरेशन ट्रेल आहे, चढ जवळपास नाहीच.

आणि पैशाचं: बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या १२.९ किलोमीटरच्या पुलाचा टोल बेटावरून बाहेर पडतानाच घेतात, फेरीचं भाडंही तसंच. म्हणून नोव्हा स्कॉशियातल्या कॅरिबूहून फेरीने या आणि पुलावरून परता. फेरीच्या भाड्यापेक्षा पुलाचा टोल स्वस्त पडतो. फेरी हिवाळ्यात बंद असते, आणि उन्हाळ्यात जागा आधी राखून ठेवा.