येलदरीच्या काठावर समुद्राची तयारी

जानेवारीत परभणीहून जिंतूरकडे निघाले की झरी आणि बोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना हुरड्यात आलेली ज्वारी दिसते, कापून रचलेली तूर दिसते आणि शेवटच्या वेचणीला आलेली कपाशी दिसते. समुद्राची आठवण व्हावी असे या वाटेवर काहीही नाही. सर्वांत जवळचा किनारा येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे, आणि 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तो हाच मराठवाडा आहे. तरीही मी आणि माझा भाचा त्या दिवशी निघालो होतो ते समुद्रातील मासेमारीची तयारी करण्यासाठी.

मी बऱ्याच वर्षांपासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळ राहतो. भाचा येत्या सप्टेंबरमध्ये पोर्ट्‌समथला पुढील शिक्षणासाठी जाणार आहे. तिथे गेल्यावर सुट्टीच्या दिवशी काय करता येईल, असे विचारता विचारता त्याने एकदा फोनवरच विचारले, “मामा, तुमच्यासारखी किनाऱ्यावरून मासेमारी मला जमेल का? की त्याला फार पैसे लागतात?” प्रश्न रास्त होता. शैक्षणिक कर्ज काढून परदेशी जाणाऱ्या मुलाला एकेका पौंडाचा हिशेब ठेवावा लागतो. उत्तर फोनवर देण्यापेक्षा पाण्याच्या काठावर बसून द्यावे असे मला वाटले, आणि सुट्टीत घरी आल्यावर मी त्याला येलदरीला घेऊन गेलो.

पैठणचा नाथसागर अधिक प्रसिद्ध आहे, पण तो 1986 पासून पक्षी अभयारण्य असल्यामुळे तिथे गळ टाकण्याचा विचारही मी केला नाही. येलदरीचे धरण पूर्णा नदीवर आहे आणि 1968 पासून हे पाणी परभणी-हिंगोलीच्या शेतीला आधार देत आले आहे. धरणाखाली वीजनिर्मिती होते आणि तेथून सोडलेले पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात अडवले जाते. आपल्याकडे धरणातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून काठावर जाण्याआधी आम्ही संस्थेच्या लोकांना भेटलो. काठावरूनच गळ टाकणार असाल तर हरकत नाही, असे त्यांनी सांगितले आणि एका वयस्कर भोईबाबांना आमच्यासोबत दिले. परक्या पाण्यावर जाताना आधी विचारावे, ही सवय भाच्याला इथेच लागावी असे मला वाटत होते.

परवानगीचा विषय निघाला म्हणून तिथले नियमही त्याला सांगितले. इंग्लंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावरून स्वतःपुरती गळाने मासेमारी करण्यासाठी परवाना लागत नाही, मात्र नदी-तळ्यात गळ टाकायचा असेल तर रॉडचा परवाना घ्यावा लागतो. समुद्रातही माशांच्या किमान लांबीचे नियम आहेत. सी बास हा मासा 42 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तो परत पाण्यात सोडावाच लागतो. वर्षातील कोणत्या काळात आणि दिवसाला किती बास ठेवता येतात, हे आकडे मधूनमधून बदलतात, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला सरकारी संकेतस्थळ पाहावे. असे पकडलेले मासे विकता येत नाहीत.

मी सोबत एक मिटणारी टेलिस्कोपिक काठी, साधे रील आणि थोडे सामान आणले होते. बाबांनी काठी हातात घेऊन उलगडून पाहिली, रीलचा दांडा फिरवून पाहिला आणि माझ्या शिशाच्या वजनाकडे बघून मान हलवली. “भाऊ, हे इथं टाकलं की गेलं म्हनून समजा. खाली समद्या बाभळीच्या खोडक्या हायत.” त्यांनी स्वतःच्या पिशवीतून एक गंजलेला नट काढला. जाड तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीच्या, टोकाला गाठ मारली, त्या गाठीपासून वीतभर बारीक शिवणदोरा सोडला आणि नट त्या दोऱ्याला बांधला. गळ मात्र वर, जाड तंगुसावरच ठेवला. नट खोडक्यात अडकला की ताण येताच बारीक दोरा तुटतो, नट खाली राहतो आणि गळ माशासकट हातात येतो. जाणारी वस्तू भंगारातली असते, राहणारी वस्तू कामाची असते. ही मांडणी मी पाहतच राहिलो, कारण इंग्लंडमधील डोर्सेटच्या खडकाळ किनाऱ्यांवरही मासेमार हेच करतात. वजन कमजोर दोऱ्यावर बांधतात आणि विकतच्या शिशाऐवजी कितीदा मोटारीचे जुने स्पार्क प्लग लावतात. नवख्या माणसाचा निम्मा खर्च खडकात हरवलेल्या वजनांवर होतो, त्यामुळे ही गाठ भाच्याने तिथेच बसून पुन्हा पुन्हा मारून पक्की केली.

पण त्या दिवसाचे खरे शिक्षण वेगळेच होते. भाच्याने हौसेने गळ जमेल तितका दूर फेकला, तेव्हा बाबांनी त्याला थांबवले. “पानी दिसतंय म्हनून तिथं मासा हाय, असं नसतं लेकरा. उन्हाळ्यात तिथं काय दिसतं ते ठावं पायजे.” आणि त्यांनी बोटाने पाणी दाखवायला सुरुवात केली. त्या टेकाडाच्या रेघेत जुना नाला पूर्णेला मिळतो, त्या वाळक्या झाडाच्या समोर विहिरीचा कठडा आहे, इथून पुढे पाणी आटल्यावर पेरली जाणारी गाळाची जमीन आहे आणि तिथे काही नाही. आम्हाला सगळीकडे एकसारखे निळे पाणी दिसत होते. बाबांना मात्र उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ अजूनही दिसत होता. पाणी आटले की ते मुद्दाम त्या तळावरून चालतात आणि कोणती जागा कोणत्या झाडाच्या रेघेत येते हे लक्षात ठेवतात.

बाबांचे हे बोलणे ऐकले आणि भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मला नेमके सापडले. येलदरीचा तळ पुरता पाहायला वाईट उन्हाळ्याची वाट पाहावी लागते, पण समुद्राचा काठ दिवसातून दोनदा उघडा पडतो आणि तो पाहायला काहीही पैसे लागत नाहीत. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटीही सर्वांत दूर जाते. आमच्या घरात तिथी पाहिल्याशिवाय पेरणी होत नाही, त्यामुळे हे भाच्याला समजावण्यात वेळ गेला नाही. घरातील दिनदर्शिका पाहून मोठ्या ओहोटीचा दिवस तो इथूनच सांगू शकत होता. नेमकी वेळ मात्र त्या त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहावी लागते. साउदॅम्प्टनला तर भरती दोनदा शिगेला पोहोचते आणि पाणी बराच वेळ वरच थांबते, म्हणून शेजारच्या गावाचा तक्ता आपल्या गावाला लावून चालत नाही.

ओहोटीच्या वेळी काय पाहायचे, तेही मी त्याला वाळूवर रेघा ओढून दाखवले. किनाऱ्याला समांतर जाणारे खोलगट पाट, वाळू संपून दगड लागतात ती कड, शिंपल्यांचे थर आणि किड्यांनी वर टाकलेल्या वाळूच्या वळकट्या या चार गोष्टी दिसल्या की तिथे उभे राहून मागच्या खांबांची किंवा घरांची रेघ धरावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. भरतीचे पाणी चढू लागले की मासे त्याच पाटांतून अन्न शोधत आत येतात. बास तर फुटणाऱ्या लाटेच्या अगदी जवळ चरतो. काठापासून वीस-तीस मीटरवर मासा असताना त्याच्या डोक्यावरून शंभर मीटर पलीकडे गळ फेकणारे लोक मी नेहमी पाहतो, आणि लांब फेकण्यासाठी महाग काठ्या घेणारेही तेच असतात. काही किनारे असे आहेत की जिथे लांब फेकण्याची गरजच पडत नाही. डोर्सेटमधील चेझिल बीच हा सुमारे 29 किलोमीटर लांबीचा गोट्यांचा किनारा काठाशीच एकदम खोल होतो. त्याच्या पश्चिम टोकाला वाटाण्याएवढे खडे आहेत आणि पूर्वेकडे पोर्टलंडच्या बाजूला मुठीएवढे गोटे आहेत, त्यामुळे जाणकार माणूस अंधारातही नुसत्या पायाखालच्या गोट्यांवरून आपण कुठे आहोत ते सांगतो. मात्र नैर्ऋत्येचा वारा सुटला की तिथली लाट माणसाला ओढून नेते, म्हणून अशा दिवशी त्या काठावर पाऊल ठेवू नये.

दुपारच्या उन्हात आम्ही फेकण्याचा सराव केला. मागे कोणी उभे नाही हे वळून पाहायचे, काठी खांद्यावरून सरळ पुढे आणायची आणि बोटाखालचा तंगूस योग्य क्षणी सोडायचा, इतकेच त्यात आहे. समुद्रावर जड वजन फेकताना एक काळजी अधिक घ्यावी लागते. रीलवरचा तंगूस बारीक असतो आणि जोराच्या फेकीत तो तुटला तर शिसे गोळीसारखे सुटून कोणाच्याही डोक्यात बसू शकते. त्यासाठी पुढे जाड तंगुसाचा शॉक लीडर जोडतात. शिशाच्या दर औंसामागे दहा पौंड वजनाचा ताण सोसण्याची ताकद हा हिशेब तिथे पाळला जातो, म्हणजे पाच औंसांच्या वजनाला पन्नास पौंड वजनाचा ताण सोसणारा लीडर हवा. हा खर्च कोणीही वाचवू नये.

बाकी सामानाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बारा फुटी काठी आणि रील यांची नवख्यांसाठीची नवी जोडी पन्नास-साठ पौंडांत मिळते, वापरलेली घेतली तर त्याहून कमी पडते. काठी टेकवायचा तिपाया सुरुवातीला नको, कारण काठी हातात धरली तरच माशाचा ठोका ओळखता येऊ लागतो. वाचलेले पैसे पाऊस-वारा अडवणाऱ्या चांगल्या कोटावर आणि डोक्याला बांधायच्या दिव्यावर घालावेत. आमिष विकत घेतले तर तेच सर्वांत महाग पडते. ओहोटीत वाळूच्या वळकट्या दिसतात तिथे बागेतील काट्याने खणले की लगवर्म हे वाळूतले किडे मिळतात. खणण्यास बंदी असलेल्या जागा टाळाव्यात आणि खणलेले खड्डे बुजवून परतावे. बंदी असेल तिथे दुकानातील गोठवलेल्या माकुलाच्या पट्ट्या कापून बारीक लवचीक दोऱ्याने गळावर गुंडाळाव्यात. येलदरीला आमचे काम गांडुळांवर आणि कणकेच्या गोळ्यांवर भागले.

भाच्याच्या गळाला उन्हे कलताना एक लहान शिंगटा लागला. तो आनंदाने मासा मुठीत धरायला गेला, तेव्हा बाबांनी त्याचे मनगट पकडले. शिंगट्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे ताठ काटे असतात. बाबांनी तर्जनी आणि मधले बोट त्या दोन काट्यांच्या मागून सरकवले, तळहात पोटाखाली घेतला आणि मासा जरासुद्धा न तडफडता त्यांच्या हातात राहिला. मग गळ उलटा फिरवून काढला आणि लहान आहे म्हणून मासा पाण्यात सोडला. हे पाहून मी भाच्याला वीव्हर माशाची गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या वाळूच्या किनाऱ्यांवर हा वीतभर मासा वाळूत स्वतःला पुरून घेतो आणि त्याच्या पाठीवरील काळ्या पंखातील काटे विषारी असतात. ओळख पटल्याशिवाय कोणत्याही माशाला हात लावू नये, तो पक्कडीने धरावा. काटा लागलाच तर तो भाग सहन होईल इतक्या गरम पाण्यात किमान अर्धा तास बुडवून ठेवावा, कारण उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो. ओहोटीत दूर चालत गेलेल्या माणसाच्या मागून पाणी वळसा घालून येते, हा तिथला आणखी मोठा धोका आहे. परतीची वेळ आधीच ठरवून घ्यावी, आणि अडचण आलीच तर 999 ला फोन करून कोस्टगार्ड मागावा.

दिवस मावळताना संस्थेच्या माणसांनी थर्माकोलच्या चप्पूवरून दिवसभराचा माल काठावर आणला. त्यातला एक रोहू आम्ही विकत घेतला आणि बाबांच्या घरीच भाजलेले खोबरे, काळा मसाला आणि ज्वारीची भाकरी यांच्यासोबत जेवलो. मी मॅकरेलचा रस्सा तिकडे असाच करतो, फक्त त्याला तेल कमी लागते, कारण तो मासाच तेलकट आहे.

जेवताना भाच्याचे वेळापत्रक ठरले. तो पोहोचेल तेव्हा मॅकरेलचा मोसम सरत आलेला असेल. ऑक्टोबरनंतर अंधार लवकर पडू लागला की व्हाइटिंग हा मासा किनाऱ्याजवळ येतो, आणि तो नवख्याच्या साध्या गळालाही लागतो. म्हणून काठी नोव्हेंबरच्या सुमारास घ्यायची आणि तोवर पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या ओहोट्यांना नुसता किनारा चालायचा असे त्याने ठरवले. सप्टेंबरअखेरचे दिवस त्यासाठी उत्तम आहेत. दिवस आणि रात्र समान होतात त्या सुमाराच्या भरत्या वर्षातील सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी असतात, आणि त्या दिवसांत एरवी पाण्याखालीच राहणारा तळही उघडा पडतो.