ठेंगणे आणि मंडळी, जुन्या-नव्या जादूग्रंथांचे व्यापारी

दर गुरुवारी संध्याकाळी मी चारशे वर्षांची होते. सेंट पॉलमधल्या एका शेजाऱ्यांच्या तळघरात आम्ही पाचजण जमतो. बाहेर मिनेसोटाचा हिवाळा, आत चिवडा (माझा) आणि चीज (त्यांचं). तिथे मी ठेंगणे घराण्यातली थोरली आजी असते आणि पुस्तकांच्या दुकानाचा गल्ला सांभाळते.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे नाटकात काम करतेस?" जवळजवळ तेच, फक्त संहिता नाही. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. एकजण सूत्रधार होतो, त्याला सगळे डीएम म्हणतात. गावं, राक्षस, पाऊस, राजकारण, सगळं त्याच्या हातात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, काय करतोय ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. आमचा डीएम एरवी शाळेत ग्रंथपाल आहे, त्यामुळे बाकीच्या टोळ्या गुहा धुंडाळत असताना आमच्या वाट्याला पुस्तकांचं दुकान आलं, ह्यात नवल नाही.

हा खेळ निदान अर्धा तरी आमच्या जुळ्या शहरांचा, म्हणजे सेंट पॉल-मिनीॲपोलिसचा. इथल्या डेव्ह आर्नसनने १९७१ च्या सुमारास मित्रांना जमवून ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक मुलखाचा खेळ मांडला. पुढे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्सबरोबर तो नियमांत बसवला, आणि १९७४ साली पहिली हजार खोकी हाताने भरून विकायला काढली गेली. गायगॅक्स त्याआधी विमा कंपनीत होता. नियमावलीत पानोपानी जे दरांचे तक्ते आहेत ती हौस तिथलीच असावी, असा माझा आपला अंदाज.

त्या तक्त्यांनीच मला दुकानदार केलं. आम्ही २०१४ ची नियमावली वापरतो. त्यात एका साध्या पुस्तकाची किंमत २५ सोन्याची नाणी, आणि अंगमेहनतीच्या मजुराची रोजी २ चांदीची. दहा चांदीची म्हणजे एक सोन्याचं. हिशेब करा: एका पुस्तकासाठी मजुराने १२५ दिवस राबायचं, तेही न खाता-पिता. शाईची लहानशी बाटली १० सोन्याची, कागदाचा एक ताव २ चांदीचा. अशा गावात पुस्तक विकत घेणार कोण? सरदार, पुजारी आणि जादूगार. झालं गिऱ्हाईक.

माझं बालपण पुण्यातलं. अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक देऊन पुढच्या इयत्तेचं घ्यायची सवय, आणि घराजवळच्या वाचनालयात अनामत ठेवून आठवड्याला एक कादंबरी. मी पहिल्याच महिन्यात 'अनामत ठेवा, पुस्तक घरी न्या' सुरू केलं. फाटलेली पानं सांधायला खेळात एक बारकासा मंत्र आहे. एक मिनिट लागतो, फुटापर्यंतची एक फाट मिटते, खर्च शून्य. नातवाला तेवढा येतो. बाइंडरचा पगार वाचला.

पण खरी कमाई निघाली वेगळ्याच ठिकाणी. ह्या जगातल्या जादूगाराचे सगळे मंत्र त्याच्या वहीत असतात. वही गेली की पोटापाण्याचं साधन गेलं. शहाणे जादूगार म्हणून दुसरी प्रत करून ठेवतात: मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे एक तास आणि १० सोन्याची नाणी. ती प्रत ठेवायची कुठे? आमच्या माळ्यावर, महिन्याच्या भाड्याने, पावती देऊन.

त्या माळ्याने आम्हाला वाचवलं. एक तापट जादूगार आला, एक ग्रंथ उधार मागू लागला. आधीची उधारी थकलेली, मी नाही म्हटलं. तो म्हणाला, अग्निगोळा टाकतो. आता ह्या मंत्राचा नियम असा की आवाक्यातली पेटण्याजोगी वस्तू पेट घेते, मात्र कुणाच्या अंगावर किंवा हातात असेल तर नाही. माझा नातू (गुरुवार सोडून ती हॉस्पिटलात नर्स असते) ओरडला, "आज्जी, सगळ्यांनी पुस्तकं कवेत घ्या!" नियमाने बरोबर होतं. पुस्तकं वाचली असती. फक्त तो गोळा सहा बाजूंच्या आठ फाशांच्या बेरजेएवढं नुकसान करतो, आणि दुकानातल्या साध्या माणसाच्या अंगात चारच गुण जीव असतो. म्हणजे शाबूत पुस्तकं कवटाळून आम्ही सगळे भाजून निघालो असतो.

मी उधारीची वही उघडली. थकबाकी मोठ्याने वाचली, आणि शेवटची ओळ सावकाश: "माळ्यावर, डावीकडे, आपली दुसरी प्रत." टेबलावर सगळे हसायला लागले. जादूगाराने हात खाली घेतला. फासा टाकावाच लागला नाही, डीएमने नुसती मान हलवली. उधारी मात्र अजून थकलेलीच आहे.

नियमावलीत धंदा चालवायचाही एक नियम आहे आणि तो ज्याने लिहिला त्याने कधीतरी दुकान जवळून पाहिलं असणार. एक ते शंभर आकडा देणारे फासे टाकायचे आणि त्यात तुम्ही जातीने धंद्यावर घालवलेले दिवस मिळवायचे, जास्तीत जास्त तीस. बेरीज विसाच्या आत आली तर खर्चाच्या दीडपट पदरचे भरा. साठाच्या वर गेली तर नफा. दुकानाचा खर्च रोज २ सोन्याची नाणी. कुलूप लावून ड्रॅगन मारायला गेलात तर सगळं फाशाच्या हातात. तीस दिवस गल्ल्यावर बसलात तर वाईटात वाईट अर्धा खर्च अंगावर येतो, त्याहून जास्त नाही.

माझं भांडण इथेच सुरू होतं. आम्ही ठेंगणे म्हणजे नोम, साडेतीनशे ते पाचशे वर्षं जगणारी बुटकी जात. माझा दोनशे वर्षांचा थोरला मुलगा अजून 'धाकटे मालक' आहे, आणि मी मोहिमेवर असले की तोच बसतो. डीएमचं म्हणणं, त्याचे दिवस धरता येणार नाहीत. तो कामगार, त्याला कुशल माणसाचा दर लाव, रोज २ सोन्याची. मी म्हटलं, पोटच्या पोराला रोजंदारी? टेबलावरच्या चौघांनाही त्यात काही वावगं वाटेना. मग मालक नक्की कोण, असं नर्सने विचारलं. मी म्हटलं, घर. ह्यावर बराच वेळ गेला, चीज संपलं, आणि शेवटी मुलाचे निम्मे दिवस धरायचं ठरलं.

आता आमच्यातल्या बसचालकाने नवीन पेच टाकलाय. त्याचं पात्र माझा धाकटा मुलगा, आणि त्याने लग्न जमवलंय अर्ध्या ऑर्क (ऑर्क म्हणजे धिप्पाड जात) घराण्यातल्या मुलीशी. सुनेचेही निम्मे दिवस धरा म्हणतो. शिवाय ती शिडी न लावता वरच्या फळीवरचं पुस्तक काढते. आमच्या घरात हे आजवर कुणालाच जमलेलं नाही, त्यामुळे मी अजून नाही म्हणू शकलेले नाही.