तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्तोमधील ती दुपार

“एवढा खर्च करून पोर्तुगालला गेलात आणि पोर्तोत अख्खी दुपार जेवत बसलात? मग पाहिलंत तरी काय?” हा प्रश्न मला लग्नकार्यांत विचारला जातो, कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरताना विचारला जातो, आणि दर वेळी पाय दुखत होते असे सांगून मी वेळ मारून नेते. माझे पाय दुखत नव्हते.

बरोबरची मंडळी क्लेरिगोसचा मनोरा चढायला गेली, तेव्हा मी रिबेरा भागात दौरो नदीच्या धक्क्यावर खारवलेला कॉड मासा, अंडी आणि तळलेल्या बटाट्याच्या बारीक काड्या यांचा पदार्थ मागवून बसले होते. समोर 1886 मध्ये खुला झालेला दुमजली पूल होता. मागच्या भिंतीवर कोरलेल्या रेघा कसल्या, असे मी वाढणाऱ्या वयस्कर गृहस्थांना विचारले. त्यांनी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला, पुराचे पाणी म्हणाले, आणि शांतपणे माझ्यासमोर ताटली ठेवली. 1909 च्या डिसेंबरात तर पाणी त्या पुलाच्या खालच्या मजल्याच्या अगदी जवळ पोहोचले होते.

आमच्याकडे कोल्हापुरात 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पुढे ती 55 फुटांच्याही वर गेली. जयंती नाल्याचे पाणी फुगून शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यात शिरले. वर्षाच्या चटणीची बरणी, धान्याचे डबे, देव्हारा, सगळे त्या काळ्या पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर आम्ही घर खरवडून धुतले, रंग दिला, नवा ओटा केला. तरीही सासूबाई त्या स्वयंपाकघरात पुन्हा जेवायला बसल्या नाहीत. ताट घेऊन त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर जात आणि तिथे एकट्याच जेवत. मी विनवले, रागावले, एकदा त्यांचे ताट खाली आणून ठेवले. त्या दिवशी त्या उपाशी राहिल्या. पुढे त्या गेल्या, तोवर त्यांची जागा तीच होती.

त्यानंतर मी तावातावाने म्हणत असे की नदीकाठी माणसाने राहूच नये. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या पुराच्या पट्ट्यात, घरे बांधू नयेत, हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणते. मग त्या रेघांखाली मला इतकी भूक का लागावी, आणि सावकाश, चवीने, ऊन कलेपर्यंत जेवावेसे का वाटावे?

“मग आपल्या पंचगंगेकाठी बसा की,” असेही तुम्ही म्हणता. एकत्र जमून मटणाचा रस्सा रांधणाऱ्या रस्सा मंडळांच्या पंगती काठच्या मळ्यांत झडतात, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या बहुतेक पुरुषांच्या असतात. उन्हाळ्यात नदीवर केंदाळ माजते, पाण्याला वास येतो, आणि बाईमाणसाने तिथे एकटीने डबा उघडला तर दहा जण थांबून चौकशी करतात. पोर्तोत मला कोणी उठवले नाही.

मनोरा राहिला, याची मला हळहळ नाही. सासूबाईंना त्या टेबलापाशी नेले असते तर त्या बसल्या असत्या का, हे मात्र मी अजून ठरवू शकलेले नाही. कधी वाटते, बसल्या असत्या, आणि कधी वाटते, त्यांनी आधी वर जाणारा जिना शोधला असता.