आत्यांचा पगार

शनिवार, 22 फेब्रुवारी 2025

आमची शेती आत्यांच्या पगारावर उभी राहिली, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती मोठ्याने कोणी बोलत नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. गावात त्या ‘बाई’ म्हणूनच ओळखल्या जातात आणि या ओळखीत शाळा येते, शेत येत नाही. येत्या 1 जूनला त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी अमृतमहोत्सवाचा घाट घातला आहे. त्यांच्यापैकी तिघे आज दुपारी मानपत्राचा मसुदा वाचून दाखवायला आले होते. त्यात त्याग, वात्सल्य आणि सेवाव्रत यांची रेलचेल होती. विहीर, कर्ज आणि पाइपलाइन यांचा मात्र उल्लेखही नव्हता. पाहुण्यांसमोर मी काही बोलले नाही. पण रात्री जेवणखाण आवरल्यावर वही उघडली, ती एवढ्यासाठीच.

आत्या 1969 साली प्राथमिक शाळेत रुजू झाल्या. पहिली नेमणूक आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर, आणि दोन वर्षांनी लग्न होऊन त्या आल्या वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या या घरी. नवरा इकडे आणि नोकरी तिकडे, असा संसार त्यांनी 1976 मध्ये बदली होईपर्यंत केला. त्या काळात 1972 चा दुष्काळ पडला. पोरे आईबरोबर खडी फोडायला जात, शाळेचा पट कागदावर भरलेला आणि वर्ग रिकामा. आत्या मग कामाच्या जागीच जाऊन झाडाखाली पाढे घेत आणि पोरांना सुकडी वाटेपर्यंत थांबवून ठेवत. लाल मिलोच्या भाकरीची चव त्यांना अजून आठवते आणि तिच्याविषयी त्या एकही चांगला शब्द बोलत नाहीत. या सगळ्यात दर महिन्याला पगाराची मनिऑर्डर सासरी येत होती, हे मला त्यांनी नव्हे, चुलतसासूबाईंनी सांगितले.

सासरी पाच एकर रान होते, तेही जिरायत. बांधावर उभे राहिले की नदी दिसायची, पण तिचे पाणी रानात येण्याची सोय नव्हती. आत्यांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले आणि 1982 मध्ये विहीर पाडली. पुढे पाणीपुरवठा संस्थेचे शेअर्स घेतले, मोटर बसवली, पाइपलाइन केली. एक कर्ज फिटले की दुसरे, असे त्यांच्या पगारपत्रकावर कपातीचे रकाने निवृत्तीपर्यंत भरलेलेच राहिले. पाणी आल्यावर ऊस आला. उसाचे बिल मामंजींच्या खात्यावर जमा व्हायचे आणि विहिरीचा हप्ता आत्यांच्या पगारातून कापला जायचा. मामंजी सज्जन होते, व्यसन नाही, उधळपट्टी नाही. पण या व्यवस्थेत काही विचित्र आहे, असे त्यांना कधी वाटले असावे, याची खूण मला तरी सापडलेली नाही. त्या पिढीतल्या नोकरदार बायकांच्या कितीतरी घरांत हेच झाले आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या बागायतीचे श्रेय आपण धरणांना, कारखान्यांना आणि पुढाऱ्यांना वाटून टाकतो; त्या यादीत मास्तरणीचा पगार अजून कोणी घातलेला नाही.

शाळेतल्या आत्यांविषयी लोक भरभरून बोलतात, पण तेही हळवे होऊन. मला त्यांच्या कामातला काटेकोरपणा अधिक मोठा वाटतो. पूर्वी पहिलीत नाव घालताना जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने गुरुजी सरळ 1 जून लिहून मोकळे होत. निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, तो याच हिशेबाने. आत्यांना हे मान्य नव्हते. पोराला घेऊन आलेल्या आईला त्या समोर बसवून घेत आणि विचारायला लागत: ‘बेंदराच्या आधी झाला की नंतर? शाळू काढणीला आला होता का? रानात काय होतं तेव्हा?’ 1974 साली एक बाई म्हणाली, ‘भूकंपात मी पोटुशी होते, आणि शिमग्याच्या आत बाळंत झाले.’ कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, म्हणजे मूल त्यानंतरचे आणि मार्चमधल्या होळीच्या आधीचे. ‘पूस सरला होता का?’ असे विचारत, आदले पंचांग मागवून, वार जुळवून आत्यांनी फेब्रुवारीतली एक तारीख नक्की केली. तो मुलगा आज सत्तावन्न वर्षांचा आहे, नोकरीत आहे, आणि आज मसुदा घेऊन आलेल्या तिघांपैकी एक आहे. गंमत अशी, की आत्यांची स्वतःची तारीख मात्र त्यांच्या गुरुजींनी ठोकून दिलेली, 1 जून 1950. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याला आदल्या दिवशी निवृत्त व्हावे लागते, त्यामुळे 31 मे 2008 रोजी उन्हाळ्याच्या सुट्टीतच त्यांची सेवा संपली, शाळेला धड निरोपही देता आला नाही. ‘माझा जन्म श्रावणातला, आई सांगायची. हा सत्कार शाळेच्या रजिस्टरचा आहे, माझा नव्हे,’ असे त्यांनी आज त्या तिघांना सांगितले. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

2005 च्या पुरात त्या मुख्याध्यापिका होत्या. पाणी शाळेच्या पायरीला लागले तेव्हा संगणकाची खोकी तशीच ठेवून त्यांनी आधी जनरल रजिस्टरे पोत्यात बांधून माडीवर नेली. लोक चिडले होते, कारण संगणक नुकताच मिळालेला. पण ओबीसींच्या जातीच्या दाखल्यासाठी 1967 पूर्वीच्या नोंदी याच रजिस्टरांत शोधाव्या लागतात, आणि आज ज्यांच्या मुलांचे प्रवेश त्या नोंदींवर झाले आहेत, त्यांना ते पोते आठवते.

आमच्या तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे गाव, त्यामुळे शिक्षणावर भाषण म्हटले की लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची गोष्ट येतेच. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी ते मोडले, हे खरेच आहे. आत्यांचे यावर एक जुने गाऱ्हाणे आहे: मंगळसूत्र एकदा मोडले, रोज इतक्या मुलांच्या भाकरी, आजारपणे आणि भांडणे त्या माउलीने निभावली, त्याविषयी कोणी दोन वाक्ये तरी बोलावीत. मला वाटते, त्या लक्ष्मीबाईंबद्दलच बोलत असतात, पण फक्त त्यांच्याबद्दलच नव्हे.

सध्या घरात हळदीची शिजवणी चालू आहे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेले पीक नऊ महिन्यांनी निघते. पाला कापायचा, गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, शिजवायची, उन्हात वाळवायची आणि मग ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजवत, आता वाफेचा बॉयलर भाड्याने येतो. बॉयलरवाला पोरगा घड्याळ पाहून घाणा, म्हणजे एका वेळी शिजायला घातलेली हळद, उतरवतो, आणि ते आत्यांना अजिबात पसंत नाही. आज सकाळी त्या खुर्ची घेऊन शेडमध्ये बसल्या होत्या. प्रत्येक घाण्यातले एक हळकुंड उचलायचे, फुंकर मारायची, गवताची काडी टोचायची. काडी लोण्यात शिरावी तशी आरपार गेली तर उतरवा. मध्ये अडली तर आणखी वाफ द्या. तिसऱ्या घाण्यात काडी अडली. ‘गाभा कच्चा आहे. असा राहिला तर वाळताना एकसारखा वाळत नाही, आणि सांगलीच्या सौद्यात व्यापारी मोडून बघतो, तेव्हा दर पडतो,’ असे त्यांनी त्या पोराला समजावले, आणि मग त्याच्याकडूनच दुसरे हळकुंड टोचून घेतले. ओल्या हळदीचा चार-पाच किलोंना जेमतेम एक किलो वाळलेला माल हाती येतो, त्यामुळे एका घाण्याचे नुकसानही जड जाते. पोरगा आधी कुरकुरत होता. दुपारपर्यंत तोच काड्या गोळा करून ठेवायला लागला. शिकवण्याची त्यांची हीच पद्धत मी गेली अनेक वर्षे पाहत आले आहे, मग समोर पहिलीचे मूल असो, नवी सून असो की ट्रॅक्टरचा ड्रायव्हर.

नवी सून म्हणजे अर्थात मी. मी 1996 साली या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरखर्चाची वही माझ्यापुढे ठेवली आणि बेरीज तपासायला सांगितली. वहीत मजुरी, खते, दवाखाना, मुलांच्या फिया, पै-पाहुणे असे सगळे रकाने होते. जमेच्या बाजूला पहिली ओळ दर महिन्याला तीच: पगार.

सातबाऱ्यावर आत्यांचे नाव लागले ते 2001 मध्ये, मामंजी गेल्यानंतर, वारस म्हणून. ज्या विहिरीचे हप्ते त्यांनी फेडले, ती त्यांच्या नावावर यायला त्यांना विधवा व्हावे लागले, या गोष्टीची मला त्यांच्यापेक्षा जास्त चीड येते. त्या चिडत नाहीत. त्या कागद तयार करतात. गेल्या महिन्यात त्यांनी आपल्या हिश्श्याचे बक्षीसपत्र नोंदवले: अर्धे रान माझ्या नणंदेला आणि उरलेले आम्हा दोघी सुनांना. मुलांना एक गुंठाही नाही, कारण त्यांच्या वाट्याचे त्यांना आधीच मिळालेले आहे. माझ्या नवऱ्याने ऐकून मान डोलावली. धाकट्या दिरांनी दोन दिवस अन्न नीट घेतले नाही आणि ‘लेक दिल्या घरी गेली, तिला रान कशाला’ असे अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलून दाखवले. आत्यांनी त्यांना जेवायला वाढले आणि उत्तर दिले नाही.

फेरफाराची नोटीस निघाली आहे आणि हरकतीची पंधरा दिवसांची मुदत पुढच्या गुरुवारी संपते. दीर हरकत घेणार असे गावात बोलले जाते. आत्यांनी ट्रंकेतून पतसंस्थेच्या पावत्या काढल्या आहेत, 1982 पासूनच्या, आणि आज संध्याकाळी हळदीचे हात धुऊन आल्यावर मला त्या सालवार लावायला बसवले. पावत्यांनी कायद्याचे काही ठरणार नाही, हे त्यांनाही कळते. ‘ठरवायला नकोत, त्याला दाखवायला हव्यात,’ म्हणाल्या. 1987 च्या तीन पावत्या सापडत नाहीत; त्या उद्या माळ्यावर शोधायच्या आहेत.