तुम्ही विचारलंत म्हणून : म्युलर, पण ते म्युलर नव्हेत

पुण्यात उतरले की आठवडाभरात निदान तीनदा तरी हा प्रश्न अंगावर येतो. बँकेत, डॉक्टरांकडे, कुणाच्या तरी साठीशांतीत. "म्युलर? मॅक्स म्युलरांपैकी का तुम्ही?" विचारणाऱ्याचा चेहरा असा उजळलेला असतो की "नाही" म्हणताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. मग दुसरा प्रश्न : "म्युलर म्हणजे काय हो?" गिरणीवाला, असं सांगितलं की चेहरा उतरतो. तिसरा प्रश्न मला कुणी विचारत नाही. तो माझ्यामागे वहिनीला विचारतात : "ही मूळची कोण?"

पंचवीस-सव्वीस वर्षं मी या प्रश्नांची तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देते आहे. त्यातलं पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकदा मी खोटं दिलं. म्हणून आता एकदाच, सगळं.

जर्मनीत म्युलर हे सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव आहे. पहिला नंबर. स्वित्झर्लंडमध्येही तेच. जर्मनीत बोखुमला आमच्या दवाखान्यात "फ्राऊ म्युलर" अशी हाक आली की दोघी-तिघी उठतात, आणि मग जन्मतारीख विचारून दोघींना परत खाली बसवतात. तिथे हे आडनाव सांगून कुणाला काहीही कळत नाही. बाप कोण, गाव कुठलं, घरात पुस्तकं होती की नव्हती, काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शब्द साधा आहे. म्यूल म्हणजे चक्की, पाणचक्की किंवा पवनचक्की. ती चालवतो तो म्युलर. उत्तरेकडे त्याचा म्योलर होतो, दक्षिणेत काही ठिकाणी मिलर, आणि शिकल्यासवरलेल्या काहींनी लॅटिनचा मुलामा देऊन मोलिटोर करून घेतला. चक्कीवाले शेतकऱ्यांपेक्षा जास्त होते म्हणून हे आडनाव वाढलं असं नाही, उलट गावात चक्की एकच असे म्हणून. मध्ययुगात, साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात तिकडे आडनावं रुजली. गावात शेतकरी शंभर, तेव्हा "शेतकरी हान्स" म्हणून कुणाला कोण सापडणार? पण "चक्कीवाला हान्स" म्हटलं की सगळ्यांना कळे. गावं हजारो, प्रत्येक गावाला एक चक्की. शिवाय बऱ्याच ठिकाणी दळण जमीनदाराच्या चक्कीवरच न्यायची सक्ती, त्यामुळे चक्कीवाल्याला टाळून कुणाचं चुलीवर काही चढत नसे. रांगेत कुणी मध्ये घुसलं की जर्मन माणूस आजही म्हणतो, "पहिला येईल तो पहिला दळेल." तेराव्या शतकातल्या एका कायद्याच्या ग्रंथात हा नियम लिहिलेला आहे.

आणि चक्कीवाल्याला मान होता असं समजू नका. पीठ मारतो, असा संशय तिथेही होताच. काही ठिकाणी चक्कीवाल्याच्या पोराला कारागिरांच्या संघात घेत नसत. धंदाच हलका मानलेला. १५४८ साली बादशाही फर्मानात लिहावं लागलं की विणकर, न्हावी, मेंढपाळ, चक्कीवाले यांना संघांनी नाकारू नये. फर्मान निघालं म्हणजे नाकारत होते, हे ओघानं आलंच.

पहिल्या दहा आडनावांची यादी मी एकदा दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवली होती. श्मिट म्हणजे लोहार. श्नायडर म्हणजे शिंपी. फिशर म्हणजे कोळी. वेबर म्हणजे साळी. वाग्नर म्हणजे गाड्या करणारा सुतार. बेकर भट्टीवाला. शुल्त्स म्हणजे आपल्या गावच्या पाटलासारखा. दादा ऐकत होते. म्हणाले, "बारा बलुतेदारच की. यात परीट कुठाय?"

यादीत परीट नव्हता. माझं माहेरचं आडनाव परीट.

नारायण पेठेत आमचं इस्त्रीचं दुकान होतं. आत गाडगेबाबांचा फोटो, बाहेर फळकुटावर कोळशाची इस्त्री. पेठेत "परीटघडीचं धोतर" हा शब्द मोठ्या कौतुकानं वापरत. त्या शब्दातल्या परिटाची मुलगी वर्गात बसली की मात्र कौतुकाची जात बदले. कॉलेजात पहिल्या दिवशी संस्कृतच्या सरांनी हजेरी घेताना नाव वाचलं, वर बघितलं, आणि हसून म्हणाले, "परीट? आमच्या कोपऱ्यावरच्या का? मग वही परीटघडीची हवी हं!" वर्ग हसला. मीही हसले. सर वाईट नव्हते. पुढे जर्मनीतल्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनीच शिफारसपत्र दिलं, तेही स्वतः टाइप करून. तो विनोद त्यांना दुसऱ्या दिवशी आठवतही नसेल. त्यांचे सदरे मात्र दर शनिवारी आमच्याकडे येत, आणि पोचवायला मी जात असे.

आता मॅक्स म्युलर. पुण्यात जर्मन शिकणारा प्रत्येक जण त्यांच्याच नावाच्या भवनात जातो. गटे इन्स्टिट्यूटला हे नाव फक्त भारतातच आहे. माणूस डेसाऊचा, जन्म १८२३, पुढचं आयुष्य ऑक्सफर्डला. सायणभाष्यासह ऋग्वेद छापला, १८४९ ते १८७४, सहा खंड. भारतात एकदाही पाऊल ठेवलं नाही, पण स्वतःला "मोक्षमूलर भट्ट" म्हणवून घेतलं. टिळकांना १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा सुटकेच्या अर्जामागे हे होते, हे पुण्यात शाळकरी पोरंही सांगतात. कुणी सांगत नाही ते असं की त्यांचे आजोबा डेसाऊतले शिंपी होते. म्युलर नावाचा शिंपी. म्हणजे तिथेही आडनाव आणि धंदा यांची केव्हाच फारकत झालेली. आणि खुद्द त्यांनाही हे आडनाव फार सर्रास वाटे, म्हणून मॅक्स हे पाळण्यातलं नाव त्यांनी आडनावालाच जोडून टाकलं. मुलांचं आडनाव मॅक्स म्युलर असंच झालं. तेव्हा नुसता म्युलर त्या घरातला असण्याचा प्रश्नच येत नाही. एवढं एक वाक्य पाठ केलं असतं तर माझं काम भागलं असतं.

१९९८च्या नोव्हेंबरात बोखुमच्या नोंदणी कार्यालयात आमचं लग्न झालं. टेबलामागच्या बाईंनी नावाबद्दल विचारलं. तुमचं तुम्ही ठेवू शकता (१९९४पासून तशी मोकळीक होतीच), त्यांचं घेऊ शकता, नाहीतर त्यांचं घेऊन तुमचं पुढे किंवा मागे जोडता येईल. मी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "म्युलर. नुसतं." लोकांना मी सांगते की सोय म्हणून. जर्मनांना परीट नीट म्हणता येत नाही, वगैरे. हे खोटं नाही, पण खरंही नाही. सव्वीस वर्षांची ती मुलगी खुर्चीत सुटकेचा श्वास सोडते आहे, हे मला अजून दिसतं. मी तिला म्हणते, अगं, धंद्याचं आडनाव टाकून धंद्याचंच घेतलंस. ती म्हणते, हो, पण या धंद्याला तिथे कुणी विचारत नाही, आणि सदरे पोचवायला तू गेली होतीस की नाही? त्यावर मला गप्प बसावं लागतं.

जानेवारीत पुण्यात स्वागत समारंभ ठेवला. सासू-सासरे आले होते. सासरे चौदाव्या वर्षी खाणीत उतरले, त्यांचे वडीलही खाणीतच. बोखुममधली शेवटची खाण १९७३ साली बंद झाली, मग ते ट्रामच्या डेपोत लागले. कार्यालयात टेपवर सनई किंचाळत होती. दादा आणि सासरे दोघे कोपऱ्यात खुर्च्या ओढून बसलेले, मध्ये मी दुभाषी. सासऱ्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "मी, कोल. माय फादर, कोल." दादांनी जे ओळखलं ते ओळखलंच. आनंदानं माझ्याकडे वळून म्हणाले, "विचार, विचार त्यांना, दगडी की लोणारी?" मी विचारलं. सासऱ्यांनी बोट जमिनीकडे करून दाखवलं : खाली, खूप खाली. दादांनी शर्टाची बाही वर केली आणि इस्त्रीतला निखारा उडून पडलेला डाग दाखवला. सासऱ्यांनी हाताचा पंजा पुढे केला. कोळशाची धूळ जखमेत राहून झालेली निळसर रेघ त्यावर होती. दोघं एकमेकांचे हात बघत बसले. मला तिथून उठता आलं असतं, इतकं त्यांचं जमलं होतं.

तेवढ्यात सर आले. झब्बा अर्थातच परीटघडीचा. सासऱ्यांशी हस्तांदोलन केलं आणि मोठ्यानं इंग्रजीत विचारलं, "आर यू फ्रॉम द फॅमिली ऑफ मॅक्स म्युलर?" सासरे हसले, मान हलवली. "नो, नो. नो प्रोफेसर. कोल." सनईत सरांना ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणतायत?"

आणि मी म्हणाले, "नक्की माहीत नाही म्हणतात, सर. पण घराणं तिकडचंच, डेसाऊकडचं."

डेसाऊ! कुणी शिकवलं मला ते घालायला? सासऱ्यांच्या सात पिढ्यांनी डेसाऊ पाहिलं नसेल. पण नुसतं "हो" म्हटलं असतं तर सरांना शंका आली असती, हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. सरांनी दोन्ही हात जोडले. सासऱ्यांना काही कळलं नाही, त्यांनीही जोडले. सरांनी आणखी दोघा-तिघांना बोलावून ओळख करून दिली. माझ्याकडे त्यांनी जसं पाहिलं तसं चार वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहिते : मला ते आवडलं.

दादांनी बाही खाली करून बटण लावलं.

रात्री घरी उरलेले लाडू डब्यात भरत असताना ते म्हणाले, "कोल म्हणजे कोळसा. एवढं इंग्रजी येतं मला." बस्स. मी हातातला लाडू डब्यात ठेवला. त्यानंतर २०११ साली ते जाईपर्यंत आमच्यात हा विषय निघाला नाही.

माझ्या बाजूनं सांगण्यासारखं थोडं आहे, तेही सांगते. मी कुणाचा पैसा घेतला नाही. सरांचा दिवस चांगला गेला. आणि आडनाव ऐकून माणसाची किंमत ठरवायची सवय मी लावली नव्हती, मी फक्त एकदा तिचा फायदा घेतला. हे सगळं मी दादांना मनातल्या मनात कितीदा तरी ऐकवलंय. ते बटण लावत राहतात.

गोष्ट अर्थातच पेठेत पसरली. "मुलगी मॅक्स म्युलरांच्या घरात दिलीत म्हणे!" गिऱ्हाइकं दुकानात येऊन म्हणत. दादा काय उत्तर देत ते मला वहिनीनं ते गेल्यावर सांगितलं. इस्त्री न थांबवता म्हणत, "नाही हो, ते निराळे. आमचे व्याही खाणीतले. आमच्यासारखेच, कोळशातले." प्रत्येकाला. बारा वर्षं. तरी तो प्रश्न अजून संपलेला नाही, यावरून मी लावलेली आग किती चांगली पेटली होती ते कळेल. तेव्हा तुमच्यापैकी कुणी पेठेत काही ऐकलं असेल तर ते माझ्याच तोंडून निघालेलं आहे. नाही, मॅक्स म्युलरांची मी कोणी नाही.

सासऱ्यांना मी हे कधी सांगितलं नाही. पुण्यातले लोक फार अदबशीर, हात जोडतात, असं ते शेवटपर्यंत सांगत.

१ मे २०२५पासून तिकडे कायदा आणखी सैल झालाय. नवराबायको दोघांनाही जोडआडनाव घेता येतं, जुनी लग्नं झालेल्यांनाही. मुलीनं फॉर्म आणून दिला. परीट-म्युलर की म्युलर-परीट, एवढंच ठरवायचं आहे. मुलीला ते "छान वेगळं" वाटतं, आणि ती तसं म्हणाली की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणाला, घेऊया की, दोघंही घेऊ. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पण कुणी विचारलं, परीट म्हणजे काय, तर मी काय सांगू?"

मी म्हटलं, बघू. फॉर्म फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेला आहे.