अकिहाबारा ते तपकीर गल्ली: एक्स-६८००० आणायला जाणाऱ्यांसाठी

जपानला शार्पच्या एक्स-६८०००सारखा जुना होम कॉम्प्युटर घ्यायला निघाला असाल तर आधी एक शब्द पाठ करा: 'त्सूदेन'. चिठ्ठीवर 'त्सूदेन काकुनिन-झुमी' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की वायर लावली आणि दिवा लागला. स्क्रीनवर चित्र आलं का, फ्लॉपी फिरली का, कीबोर्ड चालतो का, याबद्दल ती चिठ्ठी काहीच सांगत नाही. मशीन खरंच चालवून पाहिलेलं असेल तर 'दोसा काकुनिन-झुमी' लिहितात. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर केलं की दोन्हींचं 'तपासलेले' होऊ शकतं, आणि माझ्या या सफरीत सगळ्यात जास्त पैसे नेमके तिथेच बुडाले.

बाकीच्या चिठ्ठ्याही इथेच सांगतो. 'दोसा मि-काकुनिन' म्हणजे तपासलेलं नाही. 'गेन्जो-वाताशी' म्हणजे आहे तसं घ्या. 'बुहिन-तोरी' म्हणजे फक्त सुटे भाग काढण्यापुरतं. 'जंक' लिहिलेली वस्तू परत घेत नाहीत, कितीही गोड बोललात तरी.

नारिता विमानतळाहून स्कायलायनर ट्रेनने उएनो, तिथून यामानोते लाइनचं दुसरं स्टेशन अकिहाबारा, टोकियोचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात, सकाळी आठला जाऊन हाती काही लागत नाही. अकिहाबाराबद्दल मत सरळ आहे: मशीन घ्यायला ही जागा महाग, सुटे भाग घ्यायला उत्तम. अकीझुकी देन्शी आणि सेंगोकु देन्शो इथे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) मिळतात, रेल्वेच्या पुलाखालच्या रेडिओ सेंटरमध्ये कनेक्टर आणि वायरी. मशीन इथूनच घ्यायचं असेल तर दुरुस्त करून हमी देणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि विचारा, "कोन्देन्सा कोकान-झुमी देसु का?" म्हणजे कपॅसिटर बदललेत का. उत्तर गोलमाल आलं तर पुढे चला.

आता मुख्य दुखणं. शार्पचा एक्स-६८००० हा १९८७चा, ३,६९,००० येनला विकलेला. मोटोरोला ६८००० प्रोसेसर, १० मेगाहर्ट्झ, ६५,५३६ रंग, आवाजासाठी यामाहाची एफएम चिप आणि जुळ्या मनोऱ्यांची पेटी. त्याचा १९८९चा 'एक्सपर्ट' एका दुकानात 'त्सूदेन' चिठ्ठीसह ठेवलेला होता आणि किंमत चालू मशीनची लावलेली होती. पॉवर सप्लाय उघडल्यावर बोर्डाचा एक कोपरा तपकिरी, चिकट निघाला. दोन मोठ्या कपॅसिटरच्या बुडाखाली हिरवट फेस होता आणि त्याला सोल्डरिंग आयर्न लावताच सुकट भाजल्यासारखा वास सुटला. हा वास म्हणजे गळलेलं इलेक्ट्रोलाइट, कपॅसिटरच्या आतलं रसायन. एकदा घेतला की विसरत नाही.

एक्स-६८०००चा पॉवर सप्लाय गळलेलाच आहे असं धरून चाला. मागचं मुख्य बटण चालू असलं की समोरचं बटण बंद असूनही सप्लायचा स्टँडबाय भाग जागाच असतो, म्हणजे कपॅसिटर वर्षानुवर्षं तापत राहिलेले असतात. गळलेलं द्रव वीज वाहून नेतं आणि तांब्याचे ट्रॅकही खातं. व्होल्टेज आवरणाऱ्या भागात ते शिरलं तर ५ व्होल्टची रेष (पुरवठ्याची तार) भरकटते, आणि तेव्हा मदरबोर्ड जोडलेला असला तर तोही जातो. म्हणून दिवा लागतोय का, हे पाहायचा मोह आवरा. दुकानात बटण दाबून दाखवतो म्हणाले तरी नको म्हणा.

क्रम असा ठेवा. मशीन उघडताना कव्हरचे आकडे (हूक) जपा, हे प्लास्टिक पस्तीस वर्षांत बिस्किटासारखं झालंय. पॉवर सप्लाय बाहेर काढा. तो कोणी नुकताच लावून पाहिला असेल तर मोठ्या प्रायमरी कपॅसिटरवर १४० व्होल्टच्या आसपास डीसी उरलेलं असू शकतं. मल्टिमीटरने मोजा, रेझिस्टरमधून उतरवा, मगच हात लावा. मग सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर काढा, फुगलेलेच नाही तर सगळे. नवे घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वरचे, १०५ अंश तापमान सोसणारे आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले). काढण्याआधी ध्रुवांचा फोटो घ्या, बोर्डावरच्या खुणा डागाखाली पुसलेल्या असतात. डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, कारण हे द्रव बहुधा अल्कधर्मी असतं. मग पाण्याचा हात, शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि रात्रभर सुकवा. ट्रॅक तुटला असेल तर त्यावरून बारीक वायर टाका.

पहिली चाचणी मदरबोर्डाशिवाय करायची. ५ व्होल्टच्या रेषेवर ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावला की १ अँपिअरचा भार पडतो. ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५मध्ये आणि १२ व्होल्ट ११.४ ते १२.६मध्ये हवेत. ट्रॅक फारच खाल्ले गेले असतील तर हट्ट सोडा आणि पेटीत बसणारा पिको-पीएसयू या छोट्या आधुनिक सप्लायचा बदली संच लावा. जुना सप्लायच हवा या हट्टापायी चांगला मदरबोर्ड घालवू नये.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. आपल्याकडचं २३० व्होल्टचं सोल्डरिंग आयर्न जपानच्या १०० व्होल्टवर आपल्या ताकदीच्या जेमतेम पाचव्या भागावर चालतं. २५ वॅटच्या आयर्नचे ५ वॅटही उरत नाहीत, सोल्डर नुसतं मऊ होतं. यूएसबी-सीवर चालणारं आयर्न न्या, नाहीतर तिथलं घ्या.

दुसरी लूट केबलची. या मशीनचं आरजीबी, म्हणजे रंगीत चित्राचा सिग्नल, दोन ओळींच्या १५ पिनांतून निघतं, आपल्या मॉनिटरच्या व्हीजीएला तीन ओळी असतात. मधला जोड एका काउंटरवर ४,८०० येनला होता, आणि आत आठ वायरींखेरीज काही नाही. स्वतः करा: मशीनच्या १, ३, ५ या पिना लाल, हिरवा, निळा, त्या व्हीजीएच्या १, २, ३वर. ग्राउंड २, ४, ६ हे ६, ७, ८वर. १४ (आडवा सिंक) १३वर, १५ (उभा सिंक) १४वर. एनईसी या जपानी कंपनीच्या पीसी-९८ मालिकेलाही हीच जोडणी चालते.

जोडणी बरोबर असूनही स्क्रीन काळी राहिली तर मशीनला दोष देऊ नका. एक्स-६८०००चा ३१ किलोहर्ट्झचा मोड उभ्या दिशेला साधारण ५५ हर्ट्झवर चालतो आणि बरेच एलसीडी त्याला नकार देतात. पीसी-९८०१ तर २४ किलोहर्ट्झ देतो, तो आजच्या बहुतेक मॉनिटरना कळतच नाही. पीसी-९८२१च्या नंतरच्या मॉडेलांवर मशीन सुरू करताना कीबोर्डवरची ग्राफ (GRPH) आणि २ ही बटणं एकत्र धरली की ३१ किलोहर्ट्झ मिळतं. बाकींसाठी जीबीएस-८२०० नावाचा, सिग्नल बदलून देणारा स्वस्त बोर्ड सोबत ठेवा. चित्र मऊ येतं, पण मशीन जिवंत आहे का ते कळतं. पीसी-९८ने 'पिपो' असा दोन सुरांचा आवाज दिला आणि मेमरी मोजायला घेतली की निम्मी लढाई जिंकली. त्या आवाजाने आख्ख्या दिवसाचा शीण जातो, खरंच.

स्वस्त माल हवा तर शहराबाहेरची हार्ड ऑफ या जुन्या वस्तूंच्या साखळीची दुकानं गाठा, त्यांच्या जंक विभागात निळ्या क्रेटमध्ये हात घालायची तयारी ठेवून. ही दुकानं बरेचदा महामार्गाला लागून असतात, स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटर. जाताना मजा वाटते. परतताना मशीन आणि कीबोर्ड हातात, फुटपाथ मधेच संपतो, शेजारून ट्रक जातात. हे चालत करू नका. टॅक्सी घ्या किंवा दुकानातून सरळ कुरिअर होतंय का विचारा. यामातो कंपनीच्या ताक्क्युबिन या कुरिअरने तीन बाजूंची बेरीज १६० सेंमी आणि वजन २५ किलोपर्यंत असेल तर कन्व्हिनियन्स स्टोअरमधूनही हॉटेलवर किंवा विमानतळावर पाठवता येतं. विमानतळासाठी किमान दोन दिवस आधी द्या. आणि कीबोर्डाशिवाय एक्स-६८००० घेऊ नका. त्याचा ७ पिनांचा मिनी-डिन प्लग आपल्या पीएस/२ कीबोर्डला चालत नाही, सुटा कीबोर्ड शोधायला जाल तर स्वस्ताई तिथेच संपते.



पहिल्यांदाच घेत असाल तर एमएसएक्स (अनेक कंपन्यांनी एकाच मानकावर बनवलेला होम कॉम्प्युटर) घ्या. पॅनासॉनिक आणि सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत फ्लॉपी ड्राइव्हचा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला असतो. आयसोप्रोपिलने साफ करा, दोऱ्याने घेर मोजून नवा चपटा पट्टा टाका, तासाभराचं काम. २१ पिनांचा आरजीबी जॅक दिसला तर युरोपची स्कार्ट केबल लावू नका. आकार तोच असला तरी आतली जोडणी वेगळी आहे.

जुन्या डिस्कवर पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, बुरशी हेडला लागते. त्याऐवजी गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्हवर चालणारा जोड) आणि त्यातलं फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर वापरा. पीसी-९८साठी त्याच्या सेटिंगच्या एफएफ.सीएफजी फाइलमध्ये इंटरफेस 'जेपीपीसी' करा. पीसी-९८ची नेहमीची कच्ची इमेज (डिस्कची फाइलरूपी प्रत) बरोबर १२,६१,५६८ बाइटची असते, आकडा त्याहून कमी भरला तर इमेजच अर्धवट असू शकते. एक्स-६८०००च्या केबलवर डिस्क घातली-काढली हे सांगणाऱ्या जादा तारा असतात, तिथे मधे अडॅप्टर लागतो. एक्स-६८०००ची ह्युमन-६८के ही सिस्टीम शार्पने २००० साली मोफत खुली केली आहे, तीच वापरा.

भारतात आणताना सामानातूनच आणा. जुने वापरलेले कॉम्प्युटर आयात करायला आपल्याकडे परवाना लागतो, पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. लॅपटॉपला मिळणारी कस्टमची सूट या मशीनला लागू होत नाही, त्यामुळे पावती हाताशी ठेवा. पॉवर सप्लाय काढून वेगळा गुंडाळा, नाहीतर एका धक्क्यात तो पेटीचे आकडे तोडतो.

घरी आल्यावर थेट प्लगमध्ये घालू नका. २३० व्होल्ट एसीचे आत ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्रायमरी कपॅसिटर सहसा २०० व्होल्टचा असतो, तो फुटतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ट्रान्सफॉर्मर मागितलात की अमेरिकी वस्तूंसाठीचा ११० व्होल्टचा पुढे करतात. तो नको. लाइन २५० झाली की तो जवळपास १२० देतो. १०० व्होल्टचाच बांधून घ्या, दोन्ही वाइंडिंग (तारेची वेटोळी) वेगळ्या असलेला, ऑटो-ट्रान्सफॉर्मर नव्हे. मशीनमागच्या पट्टीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट व्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता) सांगा. आणि जपानी प्लगमधून बाहेर लोंबणारी हिरवी वायर कापू नका. ती अर्थिंगची आहे, ती ट्रान्सफॉर्मरच्या अर्थला नीट स्क्रूने आवळा.