लातूरच्या यात्रेत वारणेचं जंगल

रविवार, रात्री साडेअकरा

सिद्धेश्वराच्या यात्रेत आज पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा स्टॉल असा नामी जागी मिळालाय की एका अंगाला रसवंती आणि दुसऱ्या अंगाला मौत का कुवाँ. आत मोटारसायकल गरगरायला लागली की आमचं टेबल थरथरतं आणि टेबलावरचा महाधनेश पक्ष्याचा फोटो आडवा होतो. तो उभा करायचा, घसा खाकरायचा आणि सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलाबद्दल पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

"काय विकूलालाव?"

"काही नाही, माहिती सांगूलालो."

एवढं म्हटलं की माणूस पुढं सरकलाच. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर आपल्याकडं कुणाचा विश्वास नाही, आणि का असावा?

मी पोटापाण्यासाठी विमा विकतो. डोळ्यांना न दिसणारी, आज हातात न पडणारी वस्तू लोकांच्या गळी उतरवायची सवय आहे, म्हणूनच बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा नदीच्या खोऱ्यात जंगल राखणाऱ्या मंडळींनी लातूरकडचं प्रचाराचं काम माझ्या गळ्यात घातलं. बायकोचं मत वेगळं आहे. "लोकांच्या पॉलिस्या लॅप्स व्हायलेत अन् हे जंगलाची पॉलिसी काढत हिंडतेत."

दुपारी बायका थांबल्या त्या धनेशापायी. एवढी पिवळी चोच अन् तिच्यावर हे शिंग कसलं, म्हणून विचारायला लागल्या. मग मी सांगितलं, की याची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर उंबरासारखी फळं आणून त्या फटीतून तिला आणि पिल्लाला भरवतो.

"असला नवरा पाहिजे तर पाखराचाच जलम घ्यावा लागतो बाई," एक मावशी म्हणाल्या. सगळ्या हसल्या. हसणं ओसरल्यावर त्याच मावशींनी विचारलं, "अन् ते ढोलीचं झाडच तोडलं तर?"

माझ्या भाषणात हा मुद्दा पुढं कुठंतरी येणार होता, मावशी आधीच तिथं पोचल्या. ढोल पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. नव्या रोपाला ढोल पडेपर्यंत माणसाच्या पिढ्या जातात. त्यामुळं आहे ते जंगल राखणं पहिलं, रोपं लावणं नंतरचं. आमच्या मंडळींचंही निम्म्याहून जास्त काम राखणीचंच आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेर जे दाट रान उरलंय त्यातलं बरंच लोकांच्या मालकीचं. लाकडाचा व्यापारी दारात येऊन रोख पैसे मोजतो. त्याला नाही म्हणावं यासाठी मालकाला दरवर्षी काहीतरी मिळालं पाहिजे, तेव्हा कुठं कुऱ्हाडबंदी टिकते.

संध्याकाळी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आले. खुर्ची ओढून बसलेच. मी त्यांना माझा हुकमी मुद्दा सांगितला: लातूर हे त्या जंगलाचं पाणी प्यालेलं गाव आहे.

हे मी नुसतं टाळ्यांसाठी म्हणत नाही. २०१६चा उन्हाळा ज्यानं इथं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. नळाला महिना-महिना पाणी नव्हतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. मग १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वे आली, दहा टँकर-डबे, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. पाहुण्यांचे फोन यायचे, "रेल्वेचं पाणी कसं लागतं रे?" आता ते पाणी मिरजेला कृष्णेतून उचललेलं. कृष्णा महाबळेश्वरची, कराडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. कोयनेच्या खोऱ्यात कोयना अभयारण्य, वारणेच्या उगमाकडं चांदोली राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली त्यात ही दोन्ही आहेत.

काका शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "एप्रिलमधलं ते पाणी धरणातून सोडलेलं. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. जंगलाचा काय संबंध?"

संबंध असा, म्हटलं, की चार महिने धो धो कोसळणारा पाऊस उघड्या डोंगरावर पडला तर मातीसकट खाली येतो. जंगलात पालापाचोळ्याचा जाड थर असतो, खाली मुळांचं जाळं असतं. तिथं पाणी आधी मुरतं, मग ओढ्यांना सावकाश सुटतं आणि धरणात गाळ कमी येतो. गाळ म्हटल्याबरोबर काका खुलले. "गाळ म्हणजे धरणाची साखर. दिसत नाही, हळूहळू खाते." पुढचा अर्धा तास तेच बोलत होते आणि माझ्या टेबलाभोवती गर्दी जमली होती. त्यातल्या दोघा-तिघांनी २०२५च्या सप्टेंबरचा विषय काढला. मांजरा, तेरणा, सीना पात्र सोडून शेतात शिरल्या तेव्हा जमीन कशी खरडून गेली, खाली नुसता मुरूम कसा उरला. त्या पावसापुढं कुठल्याही झाडाचं काही चाललं नसतं, हे मी कबूल केलं. पण माती जाणं म्हणजे काय हे आता इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मंगळवार

सकाळी कोल्हापूरहून समन्वयक ताईंनी नव्या पत्रकाचा मजकूर पाठवला. मथळा: 'एक झाड लावा, मराठवाड्यात पाऊस आणा!' खाली हसरा ढग.

मी फोन करून सांगितलं, हे पत्रक मी वाटणार नाही.

"दादा, लोकांना साधं-सोपं लागतं हो."

सोपं ठीक आहे, पण खोटं कशाला? मराठवाडा पर्जन्यछायेत आहे तो सह्याद्रीमुळंच. समुद्रावरून आलेले ढग त्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. डोंगर ओलांडून उतरणारी हवा कोरडी होत येते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर, आपल्याकडं सातशेच्या आसपास. वारणेच्या खोऱ्यात जंगल दाट झालं म्हणून डोंगर बुटका होणार नाही. ॲमेझॉनचं जंगल पानांतून वाफ सोडून पाऊस हजारो किलोमीटर आत ढकलत नेतं, हे खरं आहे. पण ते तिथलं शास्त्र, उचलून औसा-निलंग्याला चिकटवता येत नाही.

शिवाय इथल्या माणसाला झाडांच्या घोषणा पाठ आहेत. २०१६ला राज्यात दोन कोटींचं उद्दिष्ट, मग चार, मग तेरा, २०१९ला तेहतीस कोटी. परवाच स्टॉलवर एकजण म्हणाला, "देव तेहतीस कोटी, झाडंबी तेहतीस कोटी. दोन्ही दिसनात." अशा माणसाच्या हातात हसरा ढग द्यायचा म्हणजे आपल्या हातानं आपलं दुकान बंद करायचं.

ताई समजूतदार आहेत. मथळा काढला. 'एक झाड शंभर रुपये' मात्र ठेवलं, कारण मुंबई-पुण्याचे देणगीदार झाडच मागतात, नावाची पाटीही मागतात. यावर आमचं जमत नाही आणि जमेल असं वाटत नाही. पैसा खरा लागतो तो राखणदाराला, फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला, गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपणाला, रोपवाटिकेतल्या बायकांच्या मजुरीला. वणवा गेला नाही, चराई थांबली आणि शेजारी जुनं रान शाबूत असलं, तर पाखरंच निम्मं काम करतात. पण राखणदाराच्या पगाराला पाटी लावता येत नाही, ही अडचण.

बुधवारी एका शाळेत गेलो होतो. मुलांनी वाघाबद्दलच विचारलं. ठीकच.

शुक्रवार, उशिरा

आज रेणापूरकडचे एक शेतकरी भेटले. साठीचे असतील. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. आमच्या जिल्ह्यात एक टक्का जंगल नाही अन् तुम्ही कोयनेकडचं सांगूलालाव. आधी इथं लावा की."

हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं आणि त्याला गोड उत्तर नाही. इथंही लावलं पाहिजेच. बीडजवळ पालवणला लोकांनी माळ हिरवा करून दाखवला, २०२० साली तिथं वृक्षसंमेलन भरवलं आणि अध्यक्षपदी वडाचं झाड बसवलं. पण आपलं रान आणि ते रान यांची जात वेगळी आहे, आणि ती जात मी त्यांना बियाण्यावरून सांगितली. सोयाबीनवाल्या माणसाला दुसरं काही सांगायची गरजच पडत नाही.

आपली बाभूळ घ्या. शेळ्या शेंगा खातात, बी काही रवंथ करताना बाहेर पडतं, काही लेंडीतून. कवच इतकं टणक की मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि एखाद्या चांगल्या पावसाला उगवतं. माळ जळाला, चरला, ओसाड पडला तरी मातीत बियाणं शिल्लक असतं. दाट ओल्या जंगलातल्या बऱ्याच झाडांचं तसं नाही. बी पाण्यानं भरलेलं, सुकलं की मेलं. जांभळाचंच बघा, गर काढून बी वाळत ठेवली तर पंधरा-वीस दिवसांत बहुतेक बिया वाया. मे-जूनमध्ये फळ पिकतं आणि लगेच पाऊस येतो, म्हणून तिथं चालतं. साठवून ठेवायची सोय त्या जंगलाला निसर्गानंच दिलेली नाही.

शेतकरी काका जरा वेळ गप्प राहिले. "आम्ही मे महिन्यात गोणपाटावर शंभर दाणे टाकून उगवण बघतो. सत्तरच्या खाली आली तर बी बदलतो. एक वर्ष जुनं बी असलं तरी धाकधूक असती. अन् हे पंधरा दिवसांत?"

"हो."

"म्हंजी एकदा रान मोडलं की मोडलंच. मातीत काय शिल्लक नाही."

"शेजारी जुनं रान असलं तर पाखरं, उदमांजरं बी आणून टाकतात. नसलं तर मग माणसानं ताजं बी गोळा करायचं, लगेच पिशवीत लावायचं, दोन-तीन वर्षं सावलीत वाढवायचं. उघड्यावर नेऊन लावलं तर ऊन मारतं. आधी भराभर वाढणारी झाडं लावून सावली करायची, मग हे आत."

"लईच नाजूक प्रकरण," ते म्हणाले. मग एकदम व्यवहाराचं: "आमच्या गायरानात जांभूळ येईल का?"

ओढ्याकाठी येईल, म्हटलं. वर माळावर नाही. माळाला बोर, हिवर, पळस, आपटा, बाभूळच ठेवा. त्यांना हे पटलं, कारण त्यांना ते आधीपासून माहीत होतं. मला तपासत होते, असा माझा संशय आहे.

जाताना बंडीच्या खिशातून पन्नासची नोट काढली. मी पावतीपुस्तक उघडलं तर म्हणाले, "झाडात लिहू नका. राखणदाराच्या पगारात लिहा."

पावतीत तसा रकानाच नाही. नाव, रक्कम आणि 'झाडांची संख्या' एवढंच छापलंय. संख्या खोडली, वर 'राखणदार' लिहून सही केली आणि पावतीचा फोटो ताईंना पाठवला. त्यांचा अजून निरोप नाही. पुढचं पुस्तक छापायला टाकायच्या आत एकदा फोन करायला हवा, नाहीतर पुन्हा तेच रकाने येतील.